पीच, टॉस आणि रडीचा डाव: टेस्ट क्रिकेटबद्दल सारखे येणारे प्रश्न

भात घरात आलं, मळे मोकळे झाले की आमच्याकडे टेनिस बॉलच्या टुर्नामेंट लागतात त्या पार मे संपेपर्यंत, आणि मी गेली बरीच वर्षं त्यात अंपायर म्हणून उन्हात उभा असतो. त्यामुळे कुठे पाच दिवसांची टेस्ट मॅच अडीच दिवसात संपली रे संपली की वाडीतली पोरं, मुंबईचे चाकरमानी, झालंच तर सासुरवाडीची माणसंपण मलाच फोन लावतात, काय हो, हे पीच बरोबर होतं का? तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. वरचे सोपे आहेत, खाली खाली भांडणाचे आहेत. जिथे उत्तर दुसरीकडे येऊन गेलंय तिथे नुसता नंबर टाकलाय.

१. पीच म्हणजे नेमकी किती जागा? अख्खं मैदान का?

नाही. स्टंपपासून स्टंपपर्यंत २२ यार्ड म्हणजे २०.१२ मीटर लांब आणि १० फूट म्हणजे ३.०५ मीटर रुंद, एवढीच पट्टी. मोठ्या मैदानावर मधल्या चौकोनात अशा बऱ्याच पट्ट्या शेजारी शेजारी असतात, कधी कधी वेगवेगळ्या मातीच्या, आणि मॅचसाठी त्यातली एक निवडतात. आमच्याकडे २२ पावलं टाकतात आणि पावलं टाकायला मुद्दाम कोणाला पाठवायचं यावरून राजकारण चालतं, कारण उंच माणूस गेला की पीच दीड-दोन यार्ड लांब होतं आणि समोरच्यांचा फास्ट बॉलर बिचारा सगळे बॉल अर्ध्यात आपटत बसतो.

२. पीच बनवतं कोण? होम टीमचा कॅप्टन सांगतो तसंच बनवतात ना?

कागदावर बघितलं तर मॅच सुरू होईपर्यंत पीच मैदानवाल्यांच्या ताब्यात असतं, म्हणजे क्युरेटर (पीच तयार करणारा माणूस) आणि यजमान बोर्ड. टॉस झाला की अंपायर बघतात. पण पाहुणे कोण आहेत, आपल्याकडे बॉलर कोण आहेत हे बघून 'गवत थोडं राहू द्या' किंवा 'पाणी चार दिवस आधी बंद करा' असा निरोप जातोच, आणि हे सगळ्या देशात चालतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये ईडन गार्डन्सला आपण १२४ चा पाठलाग करताना ९३ वर ऑलआउट झालो तेव्हा आपला कोच गौतम गंभीरने सरळ सांगितलं की आम्हाला हवं होतं तसंच पीच मिळालं. निदान लपवाछपवी तरी केली नाही. निरोप देणं नियमात बसतं का, तर नियमात तसं मनाई करणारं काही नाही. फक्त जे होईल ते टॉसच्या आधी, आणि मग दोन्ही टीमला तेच पीच.

३. लाल माती, काळी माती म्हणतात त्याने काय फरक पडतो?

ज्याच्या घरासमोर खळं आहे त्याला हे अर्ध्या मिनिटात कळेल. पावसाळा संपला की आपण खळं कसं करतो? माती खणायची, ढेकळं फोडायची, पाणी मारायचं, वाफसा आला की चोपण्याने चोपायचं, मग शेणाने सारवायचं. ओली असताना चोपलं तर माती चोपण्याला चिकटून येते, सुकल्यावर चोपलं तर दबतच नाही, मधली एक वेळ असते ती साधावी लागते. क्युरेटर तेच करतो, चोपण्याच्या जागी रोलर, आणि शेणाच्या जागी गवताची मुळं, जी माती आतून धरून ठेवतात.

काळ्या मातीत चिकण जास्त. ती पाणी धरते, बॉल थांबून येतो, खाली राहतो, स्पिन झाला तरी हळू. लाल मातीवर बाउन्स चांगला मिळतो, पण ती सुकली की वरचा थर सुटायला लागतो आणि मग बॉल वळतोपण आणि उडतोपण. म्हणून वानखेडेवर स्पिनर लागला की स्लिप आणि शॉर्ट लेग दोन्हीकडे कॅच उडतात. तसं भूगोलाने बघितलं तर वानखेडेपण कोकणातच आलं, समुद्र हाकेवर आहे, पण मुंबईवाले हे कबूल करत नाहीत.

४. पहिल्याच दिवशी बॉल वळायला लागला म्हणजे पीच खराब, असंच ना?

हा सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न आणि माझं सगळ्यात जास्त भांडण यावरच होतं.

पहिल्या दिवशी बॉल सीम झाला, म्हणजे शिवणीवर पडून हलला, स्लिपमध्ये तीन कॅच गेले तर कोणी काही म्हणत नाही, 'कंडिशन्स' म्हणतात आणि बॅट्समनला सांगतात की बाबा टेक्निक सुधार. पहिल्या दिवशी बॉल वळला की लगेच 'हे काय पीच आहे?' बॉलने काहीतरी करावं यासाठीच टेस्ट क्रिकेट आहे, मग ते हवेत करो, शिवणीवर पडून करो नाहीतर मातीत पडून वळो. वळणं हा दोष नाहीच.

दोष कधी धरायचा? एकाच टप्प्यावर पडलेला एक बॉल घोट्याला आणि पुढचा हनुवटीला येत असेल तर. कारण तिथे चांगला बॅट्समन आणि अकरा नंबरचा बॅट्समन यातला फरकच संपतो, नशिबाची चिठ्ठी काढल्यासारखं होतं. इंदूरला मार्च २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध आपण १०९ वर आटोपलो त्या मॅचमध्ये पाचव्याच बॉलला पीचचा वरचा थर फुटला, असं मॅच रेफरी क्रिस ब्रॉड यांनी लिहिलं होतं. आता ते पीच मी काही छातीठोकपणे चांगलं म्हणणार नाही. पण त्याच सिरीजमधल्या नागपूर आणि दिल्लीच्या टेस्टपण तीन दिवसातच संपल्या आणि त्या पीचना 'ॲव्हरेज' शेरा मिळाला, म्हणजे पास. किती दिवसात संपली यावरून पीच ठरत नाही, हे एवढं डोक्यात ठेवलंत तरी निम्मी भांडणं मिटतील.

५. आयसीसी पीचला मार्क देते म्हणजे नक्की काय करते?

आयसीसी म्हणजे क्रिकेटची जागतिक संघटना. मॅच संपल्यावर तिचा मॅच रेफरी अंपायर आणि दोन्ही कॅप्टनशी बोलून रिपोर्ट पाठवतो. २०१८ पासून सहा शेरे होते, 'व्हेरी गुड' पासून 'अनफिट' पर्यंत, आणि खालच्या तीन शेऱ्यांना १, ३ आणि ५ डिमेरिट म्हणजे दंडाचे पॉइंट. पाच वर्षात पाच पॉइंट जमले की त्या मैदानावर वर्षभर इंटरनॅशनल मॅच बंद. २०२३ च्या शेवटी हे सोपं केलं, आता चारच शेरे आहेत: 'व्हेरी गुड', 'सॅटिस्फॅक्टरी', 'अनसॅटिस्फॅक्टरी', 'अनफिट'. पॉइंट फक्त शेवटच्या दोनांना, १ आणि ३, आणि बंदीची मर्यादा पाचावरून सहावर नेली. बोर्डाला अपील करता येतं. इंदूरला आधी 'पुअर' म्हणून ३ पॉइंट लागले होते, बीसीसीआयने अपील केलं, व्हिडिओ परत बघितले आणि शेरा एक पायरी वर जाऊन १ वर आला.

मॅचच्या निकालावर याचा काडीचा परिणाम होत नाही. हरलेला हरलेलाच राहतो.

६. पण मार्क देताना आपल्याला एक न्याय आणि गोऱ्यांना एक, हे खरं आहे ना?

मलापण आधी असंच वाटायचं आणि नागपूरला २०१५ मध्ये साउथ आफ्रिका ७९ वर गेली, पीचला 'पुअर' मिळालं, पुण्याला २०१७ मध्ये परत 'पुअर', तेव्हा तर मी कट्ट्यावर मोठं भाषण केलं होतं. पण नंतरची यादी बघा, म्हणजे चित्र तेवढं सरळ राहत नाही.

डिसेंबर २०२२, ब्रिस्बेन, ऑस्ट्रेलिया विरुद्ध साउथ आफ्रिका, दोन दिवसात खेळ खलास, हिरवंगार पीच, शेरा 'बिलो ॲव्हरेज'. जानेवारी २०२४, केपटाउन, साउथ आफ्रिकेशी आपली मॅच, पहिल्या दिवशी २३ विकेट. सिराजच्या ६ विकेट १५ रनमध्ये, ते ५५ वर ऑलआउट, मग आपण ४ बाद १५३ वरून १५३ वरच ऑलआउट, म्हणजे ११ बॉलमध्ये सहा विकेट आणि रन शून्य. मी चहा टाकायला आत गेलो आणि बाहेर येईपर्यंत ते बॉलिंग करायला उतरत होते. ६४२ बॉलमध्ये संपली, निकाल लागलेल्या टेस्टमध्ये सगळ्यात छोटी. शेरा 'अनसॅटिस्फॅक्टरी'. डिसेंबर २०२५, मेलबर्न, ॲशेस म्हणजे ऑस्ट्रेलिया-इंग्लंड सिरीज, पीचवर १० मिलिमीटर गवत ठेवलं होतं, पहिल्या दिवशी २० विकेट, दोन दिवसात संपली, तिथेही 'अनसॅटिस्फॅक्टरी'. म्हणजे त्यांनाही पॉइंट लागतात.

आता दुसरी बाजू. त्याच ॲशेसमधली पर्थची टेस्टपण दोनच दिवसात संपली आणि तिला मिळालं 'व्हेरी गुड'. का? कारण बाउन्स उंच असला तरी एकसारखा होता, आणि चौथ्या इनिंगमध्ये ट्रॅव्हिस हेडने ८३ बॉलमध्ये १२३ ठोकले. अहमदाबादला फेब्रुवारी २०२१ मध्ये पिंक बॉलची टेस्ट दोन दिवसात संपली, जो रूटने ८ रनमध्ये ५ विकेट काढल्या, जो रूटने, तरी शेरा 'ॲव्हरेज'.

त्यामुळे माझं मत असं की रेफरी लोक एवढे पक्षपाती नाहीत जेवढे टीव्हीवर बोलणारे आहेत. हिरव्या पीचवर ७० वर आटोपले की 'काय जबरदस्त स्पेल' आणि वळणाऱ्या पीचवर १२० वर आटोपले की 'क्रिकेटची हत्या', हे दुटप्पीपण कॉमेंट्री बॉक्समधलं आहे. केपटाउननंतर रोहित शर्मा हेच बोलला, आम्हाला असल्या पीचवर खेळायला काही हरकत नाही, फक्त भारतात आल्यावर सगळ्यांनी तोंड बंद ठेवावं. शंभर टक्के बरोबर. पण मग आपणही केपटाउनला रडलो नाही तसं हॅमिल्टनचं रडगाणंपण बंद करायला हवं. डिसेंबर २००२, आपण ९९ आणि १५४, न्यूझीलंड ९४ आणि ६ बाद १६०. दोघांना तेच हिरवं पीच होतं, ते चार विकेटने जिंकले, विषय संपला.

७. मग ज्यावर ५००-६०० रन होतात ते चांगलं पीच का?

अजिबात नाही, आणि आयसीसीपण तसं मानत नाही. डिसेंबर २०१७ ला मेलबर्नमध्ये अलिस्टर कुक नाबाद २४४, मॅच ड्रॉ, पाच दिवस बॉल काही करेचना, त्या पीचला 'पुअर' शेरा मिळाला. रावळपिंडीलाही २०२२ मध्ये असंच झालं होतं, सपाट होतं म्हणून 'बिलो ॲव्हरेज'. आपल्याकडे याला पाटा म्हणतात. पाटा मसाला वाटायला ठीक आहे.

बॉलरवर अन्याय झाला की लोकांना तो अन्याय वाटत नाही, एवढाच काय तो प्रॉब्लेम.

८. टर्निंग पीच आपण करतो आणि त्यावर आपणच कसे हरतो?

हा खरा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. पुणे, फेब्रुवारी २०१७: ऑस्ट्रेलियाचा स्टीव्ह ओकीफ, ज्याचं नाव आदल्या दिवशीपर्यंत आमच्या वाडीत कोणाला माहीत नव्हतं, दोन्ही इनिंगमध्ये ३५ रनमध्ये ६ विकेट, आपण १०५ आणि १०७. पुणे, ऑक्टोबर २०२४: न्यूझीलंडचा मिचेल सँटनर, १३ विकेट, आणि घरच्या मैदानावर लागोपाठ १८ सिरीज जिंकायची आपली माळ तुटली. पुढच्या आठवड्यात वानखेडेवर त्यांचाच एजाझ पटेल, ११ विकेट, आपण २५ रनने हरलो, सिरीज ३-० ने गेली. हा एजाझ मुंबईतच जन्मला आणि याच वानखेडेवर २०२१ मध्ये त्याने एका इनिंगमध्ये दहाच्या दहा विकेट काढल्या होत्या. आणि जुन्या लोकांना बंगलोर १९८७ आठवत असेल, गावसकरांची शेवटची टेस्ट, चौथ्या इनिंगमध्ये ९६, आणि पाकिस्तान १६ रनने जिंकलं.

कारण सोपं आहे. साध्या पीचवर अश्विन-जडेजासारखे आपले स्पिनर आणि पाहुण्यांचा स्पिनर यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. साध्या पीचवर विकेट काढायला फ्लाइट लागते, वेग बदलावा लागतो, बॅट्समनला चार ओव्हर फसवत आणावं लागतं, आणि ते आपल्याकडच्यांना जमतं. पीच फारच वळायला लागलं की एवढं काही करायलाच नको, टप्प्यावर सरळ टाकत राहा, एक वळेल एक सरळ जाईल, काम झालं. म्हणजे आपण पीच जेवढं वळणारं करतो तेवढा समोरच्याचा मध्यम बॉलर मोठा होतो. खड्डा दुसऱ्यासाठी खणला, पण त्यात पडायची पाळी कोणाची येईल ते टॉस ठरवतो, त्यासाठी पुढचा प्रश्न बघा.

उलटंही झालंय. वानखेडे, नोव्हेंबर २००४, ऑस्ट्रेलियाला जिंकायला १०७ हवे होते, ९३ वर गेले. त्याच मॅचमध्ये मायकल क्लार्कने ९ रनमध्ये आपल्या ६ विकेट काढल्या होत्या, यावरून पीचची कल्पना करा. तेव्हा आपण जिंकलो म्हणून पीचबद्दल कोणीही मला फोन केला नव्हता.

९. टॉसवर एवढं अवलंबून असतं तर टॉस काढूनच का टाकत नाहीत?

विचार झाला होता. मे २०१८ मध्ये मुंबईत अनिल कुंबळेच्या अध्यक्षतेखाली आयसीसीची क्रिकेट कमिटी बसली, तिथे चर्चा झाली आणि टॉस ठेवायचं ठरलं. इंग्लंडच्या काउंटीमध्ये तर २०१६ पासून चार सीझन असा नियम होता की पाहुण्या टीमला आधी बॉलिंग हवी असेल तर टॉसच नाही, सरळ घ्या बॉलिंग. म्हणजे यजमानाने फार हिरवं पीच करायचं तर आधी स्वतःच त्यावर बॅटिंग करायची तयारी ठेवायची. मला ही आयडिया आवडते, आमच्या टुर्नामेंटला लावायची आहे, कमिटी ऐकत नाही.

आणि टॉस म्हणजे सगळंच नाही हो. इंग्लंडमधलं लीड्स २००२, ढगाळ हवा, हिरवं पीच, गांगुलीने टॉस जिंकून बॅटिंग घेतली, सगळ्यांनी वेड्यात काढलं, संजय बांगरने ६८ रन खेळून काढले, मग द्रविड १४८, सचिन १९३, गांगुली १२८, एक इनिंग आणि ४६ रनने जिंकलो. मुलतानला ऑक्टोबर २०२४ मध्ये पाकिस्तानने टॉस जिंकून ५५६ केले आणि डावाने हरले, कारण इंग्लंडने ७ बाद ८२३ केले.

१०. मॅच चालू असताना पीचवर काय काय करता येतं? पाणी मारता येतं का?

पाणी अजिबात नाही. रोलर चालतो, तोपण बॅटिंग करणाऱ्या टीमच्या कॅप्टनने मागितला तर: पहिली इनिंग सोडून प्रत्येक इनिंगच्या आधी आणि प्रत्येक दिवस सुरू व्हायच्या आधी, जास्तीत जास्त ७ मिनिटं. हलका की जड तेही तोच सांगतो. बॅट्समन बॅटने ठोकून उंचवटा बसवू शकतो.

जानेवारी १९५५ मध्ये मेलबर्नला सुट्टीच्या दिवसानंतर लोक आले तर शनिवारी भेगा पडलेलं पीच सोमवारी ओलसर, गुपचूप पाणी मारल्याचा मोठा आरोप झाला, अधिकाऱ्यांनी नाकारलं. फायदा झाला पाहुण्या इंग्लंडला, फ्रँक टायसनने २७ रनमध्ये ७ काढल्या.

हे वाचून मला माझं पाप आठवतं. आमच्या एका फायनलला समोर असा फास्ट बॉलर होता की त्याचा टेनिस बॉलपण लागला की वळ उठायचा, म्हणून आम्ही तिघांनी पहाटे पाचला दोन हंडे पाणी बरोब्बर टप्प्यावर नेऊन ओतलं, वर सुकी माती भुरभुरली. टॉस हरलो, त्यांनी आम्हालाच बॅटिंग दिली, ऊन अजून डोंगराच्या मागे, बॉल पडला की चिखलात रुतल्यासारखा थांबायचा आणि बॅट आधीच फिरून गेलेली असायची. ३१ ऑलआउट. दहा वाजता ऊन आलं, पीच सुकलं, त्यांनी तीन ओव्हरमध्ये संपवलं. मागून एक काका एवढंच बोलले, "ह्यो पीच की लावणीचो कुणगो रे?" (कुणगो म्हणजे भाताचा वाफा.) तेव्हापासून मी अंपायरिंग करतो.

११. वापरलेलं जुनं पीच परत वापरलं तर ते चीटिंग नाही का?

नाही. नवीनच पीच हवं असा नियम नाही. मुलतानला ८२३ झाले ना, पाकिस्तानने दुसरी टेस्ट तिथेच, त्याच पट्टीवर घेतली, मोठे मोठे पंखे लावून सुकवली, आणि साजिद खान नऊ, नोमान अली अकरा, वीसच्या वीस विकेट दोघांनी काढल्या. पुढे रावळपिंडीला पंख्यांबरोबर हीटरपण आले आणि सिरीज २-१ ने जिंकले. लोक हसले, पण टॉसच्या आधी केलं, उघड्यावर केलं, दोन्ही टीम त्यावरच खेळल्या. मला तरी यात काही खटकत नाही. पंखे बघून मला काजू वाळवणाऱ्यांची आठवण झाली ते वेगळं.

१२. बॉलर मुद्दाम बुटाने पीच उकरतात त्याचं काय?

क्रीजपुढे ५ फुटांपासून मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक फूट, एवढी दोन फुटी पट्टी राखीव असते. बॉल टाकून पुढे जाताना बॉलर त्यावर धावला तर दोन वेळा ताकीद, तिसऱ्यांदा त्या इनिंगमध्ये त्याची बॉलिंग बंद. बॅट्समनने तिथे नुकसान केलं तर आधी ताकीद, मग समोरच्यांना ५ रन. त्या पट्टीच्या बाहेर जे खड्डे पडतात ते मात्र खेळाचा भाग. डावखुरा फास्ट बॉलर ओव्हर द विकेट टाकून जातो तेव्हा समोरच्या टोकाच्या स्पिनरसाठी उजव्या बॅट्समनच्या ऑफ स्टंपबाहेर शेतच नांगरून ठेवतो.

सरळ सरळ लबाडीचं उदाहरण म्हणजे शाहिद आफ्रिदी, फैसलाबाद, नोव्हेंबर २००५. मैदानाकडेला गॅसचा सिलिंडर फुटला, सगळे तिकडे बघतायत, आणि हा पीचवर गिरकी घेऊन बूट घासतोय. कॅमेऱ्यात सापडला, एक टेस्ट आणि दोन वनडेची बंदी.

१३. पीच खरंच डेंजर असेल तर मॅच थांबवतात का? दुसऱ्या पीचवर नेतात का?

थांबवतात. दुसऱ्या पट्टीवर न्यायचं तर दोन्ही कॅप्टन तयार हवेत, म्हणजे ज्याची मॅच रंगात आली आहे तो कशाला तयार होईल. जमैकाला जानेवारी १९९८ मध्ये इंग्लंडचे ३ बाद १७ झालेले, ५६ मिनिटांचा खेळ, फिजिओ सारखा आत-बाहेर पळतोय, शेवटी अंपायर बकनर आणि आपले वेंकटराघवन यांनी रेफरीशी बोलून टेस्टच रद्द केली. धोकादायक पीचमुळे टेस्ट रद्द व्हायची ती पहिली वेळ.

१४. पीच ठीक आहे पण मैदानच खराब असेल तर?

आऊटफील्डला वेगळा शेरा असतो. अँटिग्वाला फेब्रुवारी २००९ मध्ये १० बॉल टाकून मॅच बंद केली कारण बॉलरच्या रन-अपमध्ये पाय रुतत होते, समुद्राची वाळू टाकून मैदान केल्यासारखं. मग जुन्या मैदानावर नवीन टेस्ट सुरू केली. किनाऱ्यावर ज्यांनी पुळणीत क्रिकेट खेळलंय त्यांना त्या बॉलरचं दुःख कळेल. ग्रेटर नोएडाला सप्टेंबर २०२४ मध्ये अफगाणिस्तान-न्यूझीलंड टेस्ट एकही बॉल न पडता गेली, पाणी निचरतच नव्हतं. आमच्या मळ्यात पण तेच होतं, सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी माळावर, मात्र तासाभरात सुकतं, पण तिथे जांभ्यावर पडलात तर गुडघा सोलून निघतो. काय निवडायचं ते निवडा.

१५. पूर्वी पाऊस आला तरी पीच झाकत नव्हते, हे खरं?

खरं. भिजलेलं पीच उन्हात सुकायला लागलं की बॉल कसाही उडायचा. ब्रिस्बेन १९५०: इंग्लंडने ७ बाद ६८ वर डाव सोडला कारण पीच ओलं असताना समोरच्यांना बॅटिंगला आणायचं होतं, ऑस्ट्रेलियाने त्याहून कडी केली, ७ बाद ३२ वर सोडला. आता रात्री आणि पावसात पूर्ण झाकतात, त्यामुळे नशिबाचा तेवढा भाग कमी झाला.

आउटफील्ड मात्र भिजतंच. ओव्हल १९६८ ला पाऊस थांबल्यावर पब्लिकने मैदानात उतरून पाणी टिपलं आणि मग डेरेक अंडरवुडने ५० रनमध्ये ७ काढून मॅच इंग्लंडला दिली. पाहुण्यांसाठी कोणी फडकं घेऊन उतरलं असतं का, हा माझा प्रश्न.

१६. लाइट लावलेले असताना 'खराब प्रकाश' म्हणून खेळ का थांबवतात?

लाल बॉल दिव्याखाली नीट दिसत नाही म्हणून. २०१० च्या आधी अंपायर बॅट्समनला विचारायचे, आता स्वतः ठरवतात. एकदा प्रकाश मोजायच्या मीटरवर आकडा घेऊन खेळ थांबवला की तोच आकडा त्या मॅचभर दोन्ही टीमला लागू, म्हणून कितीही चिडचिड झाली तरी ही पद्धत मला न्यायाची वाटते. आधी काय होतं ते कराची २००० मध्ये बघा, अंधार पडत आलेला, पाकिस्तान वेळ काढतंय, बकनर खेळ थांबवायला तयार नाहीत, इंग्लंडने जवळजवळ चाचपडत मॅच जिंकली.

१७. प्रत्येक देशात बॉलपण वेगळा, हे कसं चालतं?

चालतं. भारतात एसजी कंपनीचा, इंग्लंडमध्ये ड्यूक्सचा, ऑस्ट्रेलियात कुकाबुराचा. यजमान बोर्ड ठरवतं. ८० ओव्हरनंतर नवीन बॉल मिळतो तो नियम सगळीकडे सारखा.

१८. टेस्ट चॅम्पियनशिपची फायनल दरवेळी इंग्लंडमध्येच, हा अन्याय नाही का?

साउदॅम्प्टन २०२१, ओव्हल २०२३, लॉर्ड्स २०२५, आणि २०२७, २०२९, २०३१ पण त्यांनाच दिल्यात. जूनमध्ये आपल्याकडे पाऊस असतो, ऑस्ट्रेलिया-साउथ आफ्रिकेत थंडी, त्यामुळे कारण पटतं. पण स्पिनरचा हात जिच्यात लागेल अशी फायनल कधीच होणार नाही, हेही तेवढंच खरं. मात्र इंग्लंड स्वतः एकदाही फायनलला पोचलेलं नाही, त्यामुळे घरचा फायदा अजून कोणी घेतलेला नाही.

१९. बाहेरच्या कोणी रात्रीत पीच खराब केलं तर?

लीड्स, ऑगस्ट १९७५, ॲशेस. जॉर्ज डेव्हिस नावाच्या कैद्याला सोडा म्हणून त्याच्या समर्थकांनी पीच खणलं आणि तेल ओतलं. मॅच छान रंगात होती, शेवटचा दिवस रद्द, ड्रॉ. दुसऱ्या पट्टीवर न्यायला दोन्ही कॅप्टनची संमती लागते ते १३ मध्ये आलंय.

२०. यातलं आमच्या टुर्नामेंटला काय लागू करता येईल?

पीच आदल्या संध्याकाळी करून दोन्ही टीमच्या एकेका माणसाने बघायचं, त्यानंतर हंडा-कळशी घेऊन मळ्यात दिसला तो बाद, हे यावर्षी ठरलंय. पावलं टाकणं बंद. वीस मीटरच्यावर लांब जाणारी टेप मी आणून ठेवली आहे, २०.१२ मीटरवर लाल दोरा बांधलाय, ज्यांची मॅच पहिली असेल त्यांनी सकाळी सातच्या आत घरी येऊन घेऊन जायची, आणि येताना चुना घेऊन या, गेल्या वर्षीचा भिजून दगड झालाय.